प्राण्यांचा दवाखाना आणि त्यातली माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो एका दमात सांगून टाकला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग चिटणीस म्हणाले, "म्हणजे कुत्र्यामांजरांची निगा कशी राखावी, असेच ना?" आम्ही म्हटले, नाही. कुत्र्यामांजरांची निगा राखणाऱ्या माणसांची निगा कोणी राखावी, त्यांच्या कामाची घडी कशी बसवावी, यावर बोलायचे आहे. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला. तेव्हा कोणी आपल्या मोत्याच्या खरजेवर उपाय मिळेल म्हणून आले असतील तर त्यांची निराशा होईल. त्याची क्षमा आधीच मागतो.

आम्ही शिकलेले नाही. वडील गिरणीत साचे चालवीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या घरचा संप पुढे कधी मिटलाच नाही. आठवीनंतर शाळा सुटली. काही वर्षे मिळेल ते केले, आणि मग मुंबईतल्या प्राण्यांच्या एका मोठ्या दवाखान्यात बदली वॉर्डबॉय म्हणून लागलो. दवाखान्याचे नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्याविषयी आणि स्वतःविषयीही काही बरे नसलेले बोलणार आहे. पुढे युनियनचे काम अंगावर आले. वाचन झाले ते रात्रपाळीत, पिंजऱ्यांच्या मधल्या वाटेवर, एका चाळीसच्या दिव्याखाली. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती कुत्र्यांच्या साक्षीने.

दवाखान्याचा दिवस कसा असतो ते आधी सांगतो, कारण तो बाहेरच्याला दिसत नाही. आपण दहा वाजता जाता, तेव्हा डॉक्टर टेबलापाशी असतात आणि फरशी ओली असते. ती ओली का असते, हा पहिला प्रश्न. सकाळी सहाला माणूस येतो आणि पिंजरे धुवायला घेतो. यालाही क्रम आहे. आधी बऱ्या होत आलेल्या जनावरांचे पिंजरे, मग शस्त्रक्रिया झालेल्यांचे, आणि सर्वांत शेवटी पार्व्होच्या पिल्लांची खोली. कुत्र्यांचा हा रोग १९७८ च्या सुमारास जगाला माहीत झाला. त्याचा विषाणू इतका चिवट की नुसत्या फिनेलला दाद देत नाही. त्याला ब्लीचिंगचेच पाणी लागते, आणि तेही फरशीवर काही वेळ राहू द्यावे लागते. ज्याने शेवटची खोली आधी धुतली आणि तोच झाडू, तीच बादली घेऊन दुसऱ्या खोलीत गेला, त्याने न कळत चार पिल्ले मारली. आता सांगा, हे काम अडाण्याचे आहे काय? पण पगारपत्रकावर त्याचे नाव 'सफाई' या एका शब्दात संपते.

मग केसपेपर, वजन, आणि धरणे. 'धरणे' या शब्दावर आम्ही थोडे थांबणार आहोत. प्राण्यांच्या दवाखान्यातले निम्मे शास्त्र धरण्यात आहे. गुरांच्या दवाखान्यात खोडा असतो, नाकात वेसण असते, बैल आत आला की काम सोपे होते. घोड्याला धरणारा त्याच्या खांद्यापाशी उभा राहतो, मागे कधीच नाही. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळतात. कुत्र्याच्या तोंडाला मुसके नसले तर गॉजच्या पट्टीचा फास घालतात, वरून एक वेढा, खालून गाठ, आणि टोके कानांमागे. जनावर घाबरले आहे की रागावले आहे, हे कानांवरून आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरून ओळखावे लागते, आणि ते ओळखायला एक सेकंद मिळतो. डॉक्टर सुईकडे पाहतात. दात कुठे आहेत हे पाहायचे काम धरणाऱ्याचे. सुई चुकली तर ती पुन्हा टोचता येते.

या माणसाला दवाखान्यात काय म्हणतात? माणसांच्या इस्पितळात म्हणतात तेच: मामा. बाई असेल तर मावशी. मोठे गोड शब्द आहेत. पण आमच्या अनुभवाने असे पाहिले आहे की, ज्याला हुद्दा द्यायचा नसतो त्याला नाते देतात. मामा म्हटले की तो जेवायच्या सुट्टीतही येतो, मावशी म्हटले की ती डॉक्टरांच्या घरची भाजीही आणते. त्यात आणखी एक गंमत. या माणसाला मालक तीन असतात. दवाखान्याचा मालक किंवा विश्वस्त हा एक, हुकूम देणारा डॉक्टर हा दुसरा, आणि तिसरा कुत्र्याचा मालक, जो टेबलाच्या पलीकडे उभा राहून "अहो, हळू धरा, तो काही करत नाही," असे सांगत असतो. तो काही करत नाही हे वाक्य ऐकल्यावर जे टाके पडले त्यांची एक खूण आमच्या डाव्या अंगठ्यावर आहे. पाहिजे तर व्याख्यान संपल्यावर दाखवू.

आता चाव्याचीच गोष्ट घ्या. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि लक्षणांपूर्वी नीट उपाय केले तर रोग टळतो. इतका सरळ हिशेब वैद्यकात क्वचित असतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची, आणि लस घ्यायची. पण जो माणूस रोज दातांसमोर उभा राहतो त्याने चाव्याची वाट पाहायचीच नाही. त्याला लस आधी टोचतात. ज्याने ती आधी घेतली आहे त्याला पुढे चावा झालाच तर दोनच मात्रा पुरतात, पहिल्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक. त्याला जखमेत ते महाग सिरम भरावे लागत नाही. म्हणजे दवाखान्याच्या चालकाने केवळ पैशाचाच विचार केला तरी ही लस आधी टोचणे त्याच्या फायद्याचे. तरीही आमच्या काळी डॉक्टरांना ती मिळे आणि मामांना मिळत नसे. विचारले तर उत्तर असे की, मामा टिकत नाहीत, सहा महिन्यांत जातात. का जातात, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

या लसीवरून आणि बदलीच्या माणसांना कायम करण्यावरून १९९९ च्या थंडीत आम्ही संप केला. ती हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

संप ११ दिवस चालला. फाटकावर आम्ही बसलो होतो. आत डॉक्टर होते आणि ४-५ शिकाऊ मुले. आमचा हिशेब असा होता की, दोन दिवसांत वास सुटेल, तिसऱ्या दिवशी विश्वस्त बोलावतील. गिरणीच्या पोराचा हिशेब तो! साचा बंद केला तर साचा ओरडत नाही, हे आम्ही विसरलो. तिसऱ्या रात्री व्हिक्टोरियाची एक घोडी पोटशूळाने लोळत आली. अशा घोडीला लोळू न देता धीम्या चालीने फिरवीत ठेवावे लागते, आतडे पिळू नये म्हणून. कधी तास, कधी रात्र. आतल्या पोरांना ती आवरेना. आमच्यातले सर्वांत वयस्क मामा, घोड्यांच्या वॉर्डात ज्यांची हयात गेली ते, आमच्याशेजारी घोंगडी पांघरून बसले होते. घोडीचा आवाज आला. ते उठले. आम्ही म्हटले, "मामा, बसा." ते बसले नाहीत. मागच्या भिंतीवरून आत गेले आणि पहाटेपर्यंत घोडी फिरवली. घोडी वाचली.

आणि आम्ही काय केले? सकाळी फाटकावरच्या फळ्यावर खडूने त्यांचे नाव लिहिले आणि त्यापुढे लिहिले: फितूर. अक्षर आमचेच होते.

मामा बाहेर आले, फळा वाचला, म्हणाले, "भांडण विश्वस्तांशी आहे ना? मग घोडीला का कोंडता?" आम्ही शिस्तीवर भाषण केले. वय असते त्या वेळी. चौथ्या रात्री आत सलाईनवर असलेला एक म्हातारा कुत्रा गेला. तो कदाचित तसाही गेला असता. पण सलाईनची बाटली संपल्यावर बदलायला कोणी नव्हते, आणि बाटली बदलायचे काम आमच्यातल्या ज्या पोराचे, तो आमच्याशेजारी बसून घोषणा देत होता. त्या पोराने घोषणा थांबवली. तो रडत होता हे आम्ही पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

पाचव्या दिवशी सभा घेतली आणि संपाची रीत बदलली. चारा, पाणी, पिंजरे, रात्रीची औषधे, आलेले अत्यवस्थ जनावर, इतकी कामे आम्ही काळी फीत लावून करणार, आणि त्यासाठी पाळ्यांचा तक्ता फाटकावर लावणार. बाकी सर्व बंद. आणि विशेष म्हणजे केसपेपरची खिडकी बंद, कारण तिथे बसणारा कारकूनही आमचाच. जनावर आत जाईल, डॉक्टर पाहतील, पैसा मात्र कोणी घेणार नाही. सहा दिवसांत विश्वस्तांचे बोलावणे आले. लस सर्वांना मिळाली, दवाखान्याच्या खर्चाने. बदलीची २३ माणसे होती, त्यांतली ९ कायम झाली. बाकीच्यांसाठी आम्ही पुढे पुष्कळ वर्षे खेटे घातले आणि फारसे हाती लागले नाही.

फळा आम्ही पुसला, मामांची माफी मागितली, सभेतही आणि त्यांच्या खोलीवर जाऊनही. त्यांनी चहा पाजला. पण निवृत्तीच्या दिवशी युनियनने सत्कार ठेवला, त्याला ते आले नाहीत.

असो. यातून आम्ही चालवण्याविषयी जे शिकलो ते चालकांच्या बाजूनेही उपयोगी पडले. पुढे काही खासगी डॉक्टर आमच्याकडे येऊ लागले. एक बाई आल्या, उपनगरात त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना, माणसे पाच. म्हणाल्या, "दादा, माणसे टिकत नाहीत. तुम्ही त्यांच्या बाजूचे, तर तुम्हीच सांगा काय करू?" आम्हांला हा प्रश्न फार आवडला. आम्ही एक आठवडा त्यांच्या दवाखान्यात कोपऱ्यात स्टुलावर बसलो.

काय दिसले? कामाची वाटणी तोंडी. एकाच मुलाला बाई सांगत की रक्ताचा नमुना दे, त्यांचे यजमान सांगत की आधी गाडी पूस. फ्रिजमध्ये लशींच्या शेजारी कोणाचा तरी दहीभात. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. डबा काढायला दहा वेळा दार उघडले की फ्रिज म्हणजे कपाटच. रात्री वीज गेली होती काय, किती वेळ गेली होती, हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून सकाळी त्याच लशी पुन्हा टोचल्या जात. जनावर आणणारा समजतो की टोचले म्हणजे झाले. आम्ही सुचवले ते मोठे शहाणपणाचे नव्हते. हुकूम एकाच तोंडातून निघावा. सकाळी दार उघडण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांनी उभे राहून आदल्या दिवसाचे सांगावे: कोण अडले, काय संपले, कोणता कुत्रा चावरा निघाला. चावऱ्या जनावराच्या केसपेपरवर लाल खूण असावी. डब्यासाठी वेगळा फ्रिज घ्यावा, जुना का असेना. केटामाइनसारखी औषधे कुलपात, आणि किल्ली व नोंदवही यांचा धनी एकच. पगार ठरल्या तारखेला, दोन दिवस आधी चालेल, एक दिवस नंतर चालणार नाही. दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेली आणि संक्रांतीत मांजाने कापलेली पाखरे येणार हे पंचांगात लिहिलेलेच असते, तेव्हा त्या आठवड्यातल्या पाळ्या महिनाभर आधी लावाव्या. आयत्या वेळी "आज थांब रे" म्हणू नये. आणि चाव्याची नोंदवही. कोण, कधी, कुठे, काय उपाय केला, खाली सही. बाईंनी हे सगळे केले. दुसऱ्या फ्रिजला मात्र वर्ष लावले.

एका गोष्टीवर आमचा आणि त्यांचा वाद झाला. त्यांचा एक मुलगा टाके घालण्यात तरबेज झाला होता. बाई घाईत असल्या की तोच घाली. आम्ही म्हटले, हे बंद करा. १९८४ चा पशुवैद्यक परिषदेचा कायदा आहे. नोंदणी झालेल्या पशुवैद्यावाचून कोणी उपचार करायचे नाहीत, फार तर पदविका घेतलेल्याने देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायच्या. बाई म्हणाल्या, "त्याचे कौतुक म्हणून देते." त्यांचे मन खोटे नव्हते. पण टाका पिकला आणि कुत्र्याचा मालक वकील घेऊन आला, तर "तुला कोणी सांगितले होते?" हे वाक्य त्या मुलाच्या वाट्याला येते. आम्ही ते वाक्य तीन वेळा ऐकले आहे, तीन निरनिराळ्या दवाखान्यांत. कौतुक करायचे तर पगारात करा, रजा देऊन पदविकेला पाठवा.

पावसाळ्याविषयी एक सांगायचे राहिले. २६ जुलै २००५ च्या पुरात आम्ही गुडघाभर पाण्यातून कुत्रे उचलून वरच्या मजल्यावर नेले. त्यानंतर शहरात लेप्टोची साथ आली. लेप्टो उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायाच्या चिरेतून माणसात. आमच्यातल्या दोघांना ताप आला. दोघेही बरे झाले. तेव्हापासून गमबूट हा आमच्या मागणीपत्रातला कायमचा मुद्दा आहे. पुष्कळांना ठाऊक नसते, पण १९२३ च्या भरपाईच्या कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात पशुवैद्यकीय कामातून जडणारे संसर्गरोग आले होते. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. पण भरपाई मागायची तर रोग कामावर जडला हे दाखवावे लागते, आणि ते दाखवायचे कशाने? नोंदवहीने. म्हणून आम्ही त्या वहीच्या इतके मागे लागतो.

मनाच्या आजाराला अजून परिशिष्ट नाही. जनावराला शेवटची सुई देताना त्याचे डोके कोणाच्या तरी मांडीवर असते. कुत्र्याचे घरचे लोक बहुधा बाहेर जातात. ते योग्यच आहे, पाहवत नाही. मामा बाहेर जात नाहीत. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास झाला. पशुवैद्यांत आत्महत्येचे प्रमाण सामान्य लोकांच्या मानाने पुरुषांत दुपटीहून अधिक आणि स्त्रियांत साडेतीनपट निघाले. ही गणती डॉक्टरांची. धरणाऱ्यांची आमच्याकडे कोणी केल्याचे पाहण्यात नाही. आम्ही एवढेच साधले की, एका पाळीत असे काम एकाच माणसाकडे दोनदा जाऊ नये. मागताना विश्वस्त हसले होते, पण दिले.

आता कायद्याच्या मुख्य गोष्टीकडे वळतो, कारण ती आजची आहे. दवाखाना हा 'उद्योग' आहे काय? वरवर शब्दाचा खेळ वाटतो. पण उद्योग नसेल तर औद्योगिक तंटा नाही, आणि तंटा नाही तर आमच्या माणसाला कामावरून काढल्यावर दाद मागायला दार नाही. १९६० साली सर्वोच्च न्यायालयापुढे जे. जे. रुग्णालयसमूहातल्या दोन वॉर्डसेवकांचा खटला आला. त्यांना भरपाई न देता काढले होते. सरकार म्हणाले, आम्ही तर लोकसेवा करतो. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की इस्पितळही उद्योगाच्या व्याख्येत येते. पुढे १९७० मध्ये न्यायालयाने तोंड फिरवले, आणि १९७८ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठ्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते पुन्हा वळवले. नफा असो वा नसो, मालक-नोकर मिळून पद्धतशीर काम चालत असेल तर तो उद्योग. मधल्या काळात, १९७१ मध्ये, भुलेश्वरच्या पांजरापोळाचाच खटला झाला होता. १८३४ पासूनची ती संस्था. ती निघाली त्याला जून १८३२ चे दंगे कारण झाले. सरकारने भटकी कुत्री मारायला काढली म्हणून पारश्यांनी दुकाने बंद केली आणि किल्ल्याची रसद तोडली होती. मुंबईचे लोक कुत्र्यासाठी बंद पाळतात, हे आमच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे सिद्ध झाले होते! तर पांजरापोळाचे म्हणणे की ही भूतदया, उद्योग नव्हे. न्यायालयाने गोठ्यातल्या चांगल्या गाई आणि दुधाची विक्री यांकडे बोट दाखवले आणि कामगारांच्या बाजूने कौल दिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यातल्या उद्योगाच्या व्याख्येतून, पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळल्या आहेत. खासगी दवाखाना व्याख्येत राहतो. पण तिथे पाच माणसे, म्हणजे राज्य विम्याला लागणारी दहा नाहीत, भविष्यनिर्वाह निधीला लागणारी वीस नाहीत. आणि जिथे शे-दीडशे माणसे आहेत ते प्राण्यांचे मोठे दवाखाने बहुधा धर्मादाय न्यासांचे. आपण देणगीदार आहात, कित्येकजण अशा न्यासांना दरवर्षी पैसे देता. भूतदयेचे मोल आम्ही कमी लेखत नाही, आमची चूल तिच्यावर चालली. परंतु देणगीच्या पावतीबरोबर एवढे विचारावे की तिथल्या मामांना लस टोचली आहे काय, आणि त्यांना नेमणुकीचा कागद मिळाला आहे काय. हा प्रश्न आम्ही विचारला तर दंगा होतो, आपण विचारला तर चहा मिळतो.

आमच्या लोकांना आम्ही तूर्त असे सांगितले आहे की, हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी आणि चाव्याच्या नोंदीची नक्कल, हे तीन कागद घरी पेटीत ठेवा. दार कोणते उघडेल ते पुढे पाहू. गेल्या आठवड्यात मांजरांच्या वॉर्डातल्या एक मावशी कार्यालयात आल्या. हातात साखरेची पिशवी. आम्हांला वाटले, नात झाली, पेढे आणले. पिशवीत २२ वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या, वर्षावर्षाच्या वेगळ्या गठ्ठ्यांत, ड्रेसिंगच्या पट्टीने बांधलेल्या. सध्या आम्ही त्यांची यादी करतो आहोत; २००९ पर्यंत आलो आहोत.